धोंडाकाकीची काठी

राजमहंमद सुताराला म्हातारपणी होडीचं वेड लागलं ते एक वेळ समजण्यासारखं होतं. लहानपणी तो मुरुडला मामाकडे वाढला, मामाचं गलबत होतं, खाडीतल्या वाऱ्याची त्याला सवय होती. पण त्या वेडात दत्तोबा कसा सापडला, हे लोणावळ्यात कुणालाच कळलं नाही. दत्तोबाला पोहता येत नव्हतं. आंघोळीला घंगाळभर पाणी घेतलं तरी तो जपून बसायचा. रेल्वेच्या मालधक्क्यावर तीस वर्षं कारकुनी केलेला हा माणूस, पुस्तकात नाक खुपसून बसणारा, चारचौघांत बोलायची वेळ आली की उपरण्याचं टोक चघळणारा.

खरं कारण एवढंच की पुस्तकं वाचून वाचून त्याला समुद्र पाठ झाला होता. कुठल्या बंदरात कुठल्या वाऱ्याला आसरा मिळतो, उथळ पाण्याचा रंग कसा ओळखायचा, सगळं त्याला ठाऊक होतं, आणि त्यातलं काहीही त्यानं पाहिलेलं नव्हतं. राजमहंमदानं परसात होडी बांधायला घेतली तेव्हा दत्तोबा रोज संध्याकाळी तिथं जाऊन बसू लागला आणि, असं व्हायला हवं, तसं व्हायला हवं, म्हणून सांगू लागला.

"दत्तोबा," राजमहंमद रंधा थांबवून म्हणायचा, "तुझं पुस्तक तरंगतं का रे?"

"म्हणजे?"

"नाही, तरंगत असेल तर ही लाकडं कशाला तासू? त्याच्यावरच बसू दोघं."

आतून बदरुन्निसाभाभी हसायच्या. पण चहा दोघांना यायचा.

होडी झाली. सपाट तळाची, आठ हात लांब, एक डोलकाठी आणि भाभींच्या जुन्या चादरी जोडून शिवलेलं शीड. समुद्र काही जवळ नव्हता. पण आंदर मावळात वीज कंपनीनं धरण बांधून पंधरा वर्षं होत आली होती, आणि डोंगरांच्या मधोमध कोसभर पाणी पसरलेलं होतं. धरणावरच्या बंगल्याची दारं राजमहंमदानंच बसवलेली, म्हणून परवानगी मिळाली. सन सदतीसच्या हिवाळ्यात होडी आगगाडीनं कान्ह्याला आणि तिथून बैलगाडीवर टाकव्यावरून धरणाला गेली, आणि चौकीदाराच्या छपरात राहू लागली. महिन्यातून दोनदा हे दोघे जायचे.

धरणाचं पाणी हाताच्या पंज्यासारखं होतं. जिथं जिथं पूर्वी ओढे होते तिथं तिथं पाण्याची बोटं डोंगरात घुसलेली. अशा बोटात शिरायचं, वेळूनं खोली मोजायची, रात्रीपुरती होडी कुठं निवांत राहील ते बघायचं आणि वहीत लिहायचं, हा दत्तोबाचा उद्योग. 'दीड हात, गाळ.' 'तीन हात, मुरूम. पश्चिमेच्या वाऱ्याला आडोसा आहे.' वही सुवाच्य होती. आयुष्यात प्रथमच आपण काही वाचत नसून लिहीत आहोत, या जाणिवेनं दत्तोबा जरा ताठ बसायचा.

या पाण्याखाली त्याच्या वडिलांची निगुडवाडी होती. गाव उठून वरच्या टेपावर, म्हणजे टेकाडावर, गेलं त्याच्या कितीतरी आधी दत्तोबा लोणावळ्याला नोकरीला लागलेला. गावाशी त्याचं नातं लग्नाकार्यापुरतं उरलं होतं. भावकीतली एक धोंडाकाकी तेवढी त्याच्या माहितीची. त्याच्या धाकट्या चुलत्याची बायको. लहानपणी दत्तू आईविना पोरका झाला तेव्हा दोन वर्षं तिच्या चुलीपाशीच जेवला होता. आता तिला सत्तरी लागली होती.

धुळवड होऊन चार दिवस झाले होते. दुपारी अचानक पश्चिमेचा वारा सुटला आणि होडी एका उथळ बोटात थेट आत रेटली गेली. तळ गाळात बसला. दत्तोबानं वेळू रोवून जोर लावला, वेळू कडकन मोडला.

"उतर खाली," राजमहंमद शीड आवरत म्हणाला. "तुझ्या बाजूनं ढकल. गुडघाभर चिखल असेल."

दत्तोबानं पाण्याकडे पाहिलं. काळंभोर, बुडबुडे येणारं. धोतर स्वच्छ होतं. आणि खरं सांगायचं तर त्याला भीती वाटली.

शेजारीच पाण्यात ओळीनं काठ्या उभ्या होत्या, वीसेक तरी असतील. कुणाला चिंधी बांधलेली, कुणाला करवंटी. मासे धरणाऱ्यांच्या असणार, असं त्यानं मनाशी ठरवलं. हाताशी आलेली सर्वांत सरळ आणि लांब काठी त्यानं उपटली. चांगला सहा हात वेळू होता. वर नारळाची करवंटी आणि हिरव्या काकणाचा तुकडा दोऱ्यानं बांधलेला. करवंटी त्यानं सोडून पाण्यात टाकली. काकणाचा तुकडा का कोण जाणे वहीत ठेवला. काठीनं रेटा दिल्याबरोबर होडी सुटली.

"शाबास!" राजमहंमद म्हणाला. "कुठून आणलीस काठी?"

"होती इथं पडलेली," दत्तोबा म्हणाला.

पडलेली नव्हती. पण इतकं बारीक खोटं माणूस दिवसातून चारदा बोलतो. त्यानं त्या काठीवर सुरीनं हाताहातावर खाचा पाडल्या, खाचांत लाल रंग भरला, आणि तीच पाणी मोजायची काठी झाली. वहीत त्यानं लिहिलं, 'येथे मासेमारीच्या खुंट्या आहेत.' पुढं प्रश्नचिन्हसुद्धा घातलं नाही.

चैत्री पौर्णिमेनंतर दोघे पुन्हा गेले तेव्हा पाणी बरंच उतरलं होतं. ते बोट आता बोट राहिलंच नव्हतं, नुसता ओला, काळा, चकाकणारा गाळ होता, आणि त्यावर माणसं जमली होती. वीस-पंचवीस बाया-बापे, आवाज चढलेले. राजमहंमद शीड उतरवत होडीपाशीच थांबला. दत्तोबा गावचा म्हणून काय झालं ते बघायला पुढं गेला.

मधोमध धोंडाकाकी कमरेवर हात ठेवून उभी होती. "मी रोवलीया," ती म्हणत होती. "धुळवडीला रोवलीया. ह्या माझ्या दोन पायांनी पान्यात गेल्ते."

"मग कुटं हाय?" तिच्या शेजारचा हौशीराम म्हणाला. "गिळली का पान्यानं? माजी हाय, रतनबाईची हाय, समद्यांच्या हायेत. तुजीच बरी चालत गेली!"

लोक हसले.

गावचे वडीलधारे रखमाजी आबा दगडावर बसले होते. त्यांनी दत्तोबाला हाक मारून जवळ बसवलं आणि काय भानगड आहे ती सांगितली. दरसाल चैत्रात पाणी हटलं की हा गाळ उघडा पडतो. जमिनी बुडालेली घरं त्यावर काकडी अन् मूग घेतात, पाऊस यायच्या आत काढतात. कागद नाही, मोजणी नाही. धुळवडीला पाणी अजून गुडघाभर असताना प्रत्येक घरानं आपली खुणेची काठी रोवायची. गाळ उघडा पडला की काठीपासून काठीपर्यंत वाटा. जिथं काठी नाही तिथं शेजाऱ्यानं सरकायचं.

"काठी उभी तर वाटा, काठी पडली तर पानी," आबा म्हणाले. "आमच्यात हाच कायदा."

मान न वळवताही दत्तोबाला दिसत होतं, मागं होडीत आडवी टाकलेली ती काठी, लाल खाचांची.

"तुमी तर हितंच पान्यात हिंडताय, दत्तूभाऊ," आबा म्हणाले. "शिकल्याला मानूस, वहीत समदं लिवताय म्हनं. तुमी सांगा. ह्या जागी काठी बगितलीवती का?"

सगळे त्याच्याकडे बघू लागले. धोंडाकाकी तर अशी बघत होती की आता निकाल लागलाच. आपला दत्तू आला.

दत्तोबा नुसतं 'हो' म्हणू शकला असता. 'हो, बघितली, आणि मीच उपटली, मला माहीत नव्हतं.' एवढंच वाक्य. त्यानं ते मनात जुळवलंसुद्धा. पण वीस-पंचवीस माणसं, त्यांचे पाय गाळानं माखलेले, आणि आपलं धोतर पांढरं. उपरण्याचं टोक त्याच्या तोंडाशी गेलं.

"नाही," तो म्हणाला. "लक्षात नाही. नाही बघितली."

मग धोंडाकाकीनं कमरेवरचे हात खाली सोडले.

"दत्तू न्हाई म्हनतोय," ती स्वतःशीच म्हणाली. "मग न्हाईच रोवली आसंल मी. गेल्या सालची ध्यानात ऱ्हायली आसंल."

ती भांडली असती तर बरं झालं असतं, असं दत्तोबाला पुढं कितीदा वाटलं. ती भांडली नाही. पदर खोचून टेपाकडे चालू लागली. एकदा थांबून तिनं मागं गाळाकडं पाहिलं, जणू जागा ओळखीची वाटत नव्हती. हौशीरामनं तेवढ्यात आपली रेघ सरकवून घेतली.

परत निघताना दत्तोबानं काठी जुन्या शिडात गुंडाळली. "घरी नेतो," तो राजमहंमदला म्हणाला. "रंग उडालाय." रंग मुळीच उडाला नव्हता.

काठी घरी दाराच्या आड उभी राहिली. दत्तोबा रोज तिच्याकडे पाठ करून वाचायला बसायचा आणि एक पान तीनदा वाचायचा. आठवड्यानं त्याला राहवेना. त्यानं राजमहंमदला सगळं सांगितलं. 'पडलेली होती' या खोट्यापासून सांगितलं.

राजमहंमद बराच वेळ दाढी खाजवत बसला. त्यानं चेष्टा केली नाही, तेच दत्तोबाला जास्त लागलं.

"मग जाऊन सांग की," तो शेवटी म्हणाला. "मी येतो बरोबर. होडी माझीच होती."

"मी म्हणत होतो, पत्र लिहिलं तर? सविस्तर. सगळी परिस्थिती..."

"निगुडवाडीला? वाचणार कोण?"

दत्तोबाचा हात उपरण्याच्या टोकाकडे गेला.

"तिथं वाचता येणारा माणूस तू गेलास तरच असतो, दत्तोबा. म्हणजे तूच जाऊन तुझंच पत्र वाचून दाखवणार. मग पत्र कशाला?"

तरी त्यानं पत्र लिहिलं. पाच वेळा लिहिलं. पहिल्यात वाऱ्याचा दोष होता, दुसऱ्यात गाळाचा. तिसऱ्यात 'गैरसमजाने' असा शब्द होता. पाचवं सर्वांत लहान होतं आणि सर्वांत खरं होतं, आणि तेच त्यानं फाडलं. इकडे दिवस चालले होते. गाळ ओला आहे तोवरच बी टाकतात हे त्याला माहीत होतं. एकेक दिवस गेला की तो स्वतःला सांगायचा, आता पेरलं असेल, आता सांगून काय उपयोग. आणि असं म्हटल्यावर जरा हायसं वाटायचं. त्या हायसं वाटण्याची त्याला सर्वांत जास्त शरम वाटायची.

बाराव्या दिवशी सकाळी दारात मुक्ताबाई उभी राहिली. धोंडाकाकीची सून. डोक्यावरची पाटी खाली ठेवून ती उंबऱ्याच्या आत टेकली. दार तिच्या पाठीशी, आणि दारामागं काठी.

"भाऊ, हितं डोक्याचा डाक्तर हाय का कुनी चांगला?"

"का? कुणाला काय झालं?"

"आत्याबाईस्नी. मानूस भरमिष्ट झालंय हो." मुक्ताबाईनं पदरानं तोंड पुसलं. "तीन-तीनदा इचारत्यात, मुक्ते, मी मीठ घातलं का गं? कोंबड्या कोंडल्या का गं? कोंडलेल्या आसत्यात, तरी उटून बगाय जात्यात. कनगीच्या, पेटीच्या किल्ल्या कंबरंला आसायच्या, त्या माज्या हाती दिल्या. म्हनल्या, मला आता काय खरं वाटना झालंय. दत्तूसारका दत्तू न्हाई म्हनला."

दत्तोबाची नजर दाराकडे गेली.

"तुमच्यावर लय भरवसा त्यांचा," मुक्ताबाई म्हणाली. "तुमी न्हाई म्हनलात ना, तवापास्नंच."

हाताच्या अंतरावर काठी होती. दार जरा ओढलं असतं तर ती आपोआप तिच्या पुढ्यात पडली असती. आणि दत्तोबानं काय केलं? त्यानं डॉक्टरचं नाव सांगितलं. बाजारातून डावीकडे, विहिरीच्या पुढं, असा पत्तासुद्धा नीट समजावून दिला. चिठ्ठीवर लिहून दिला. मुक्ताबाई चिठ्ठी पदरात बांधून, "उपकार झाले, भाऊ," म्हणत उठली. उद्या आत्याबाईंना गाडीत घालून घेऊन येते म्हणाली.

ती गेली. आपण घाबरट आहोत हे दत्तोबाला जन्मभर ठाऊक होतं. घाबरटपणाचं त्यानं फारसं वाईट वाटून घेतलं नव्हतं, त्यापायी नुकसान झालं तर आपलंच होतं असा त्याचा समज होता. आता एका शहाण्या बाईला औषध पाजायला आपण डॉक्टरचा पत्ता लिहून दिला, तोही सुवाच्य अक्षरात.

त्यानं वही घेतली, काठी घेतली, आणि राजमहंमदलासुद्धा न बोलावता मुक्ताबाईच्या मागची गाडी धरायला स्टेशनावर गेला. डब्यात सहा हात वेळू आडवा जाईना. एक पाटीवाली म्हणाली, "बाबा, तुमी बसा, काठी उबी ऱ्हाऊ द्या, तिला तिकिट न्हाई." लोक हसले. दत्तोबा हसला नाही. कान्ह्यापासून टाकव्यापर्यंत त्याला बैलगाडी मिळाली, पुढं तो चालत गेला.

धोंडाकाकी ओसरीवर वाल सोलत होती. सोललेले दाणे एका वाटीत टाकून पुन्हा वाटीत बोट घालून बघत होती. दत्तोबानं काही न बोलता काठी तिच्यापुढं आडवी ठेवली आणि वहीतून काकणाचा तुकडा काढून वर ठेवला.

तिनं आधी तुकड्याला हात लावला. मग काठीवरून बोटं फिरवत नेली. खाचांशी ती थांबली, पुढं गेली, आणि बुडख्यापाशी एका काळ्या डागावर तिचा अंगठा टेकला.

"ह्यो डाग माज्या चुलीचा," ती म्हणाली. "वाकडी व्हती, शेकून सरळ केलीवती." तिनं वर पाहिलं. "कुटं घावली?"

"घावली नाही, काकी. मी उपटली. धुळवडीनंतर, होडी अडकली म्हणून. मला रीत ठाऊक नव्हती."

"आन् आबानं इचारलं तवा?"

"तेव्हा ठाऊक झाली होती."

"मग का न्हाई बोललास?"

"लाज वाटली."

"आन् आता?"

"आता जास्त वाटते."

तो वाट बघत होता की ती शिव्या देईल, निदान रडेल. ती एकदम उठली, वाटी लवंडली, वाल ओसरीभर झाले.

"मुक्ते!" ती आत बघून ओरडली. "ए मुक्ते! किल्ल्या आन हिकडं! माजं डोस्कं जाग्यावर हाय!"

मुक्ताबाई पिठाच्या हातानं बाहेर आली. काठी बघून, मग दत्तोबाला बघून तिचा चेहरा कसा कसा बदलला ते दत्तोबानं पाहिलं नाही, कारण तो जमिनीवरचे वाल वेचत होता. मुक्ताबाईनं पदराची गाठ सोडली. किल्ल्या सासूच्या हातात दिल्या. गाठीतली चिठ्ठी तिनं चोळामोळा करून चुलीत टाकली, आणि त्या दिवशी त्याच्याशी एक शब्द बोलली नाही.

गोष्ट संध्याकाळी आबांपुढं गेली. दत्तोबाला सगळं पुन्हा सांगावं लागलं, यावेळी उभं राहून. हौशीराम भडकला. "आता दोन-दोन पानं आल्यात! उपटून टाकू काय? काठी न्हाई तर वाटा न्हाई, आबाच म्हनलं."

"उपटायचं न्हाई," आबा म्हणाले. "जी काठी पान्यानं पाडली ती पडली. ही मान्सानं पाडली. काकडी तुजी, पर एक पाटी तुला, एक पाटी धोंडाबाईला. आन् दत्तूभाऊ..." ते थांबले. एवढ्या शिकलेल्या माणसाला काय शिक्षा द्यावी ते त्यांना सुचत नव्हतं.

"त्याला मी सांगते काय ते," धोंडाकाकी म्हणाली. "म्होरल्या धुळवडीला ही काठी ह्यानंच रोवायची. पान्यात उतरून. होडीतनं न्हाई."

पाऊस पडला, गाळ पुन्हा बुडाला, वर्ष फिरून आलं. मधल्या काळात होडी तीन-चारदाच गेली. पण जेव्हा जेव्हा शीड दिसायचं तेव्हा टेपावरच्या बाया एकमेकींना हाका मारायच्या, "सरुबाय, काठ्या धर गं, भाऊ आले!" रतनबाई तर आपली भाकरीची काटवट पदराआड लपवायची आणि सगळ्या खो खो हसायच्या. राजमहंमदसुद्धा हसायचा. दत्तोबा वहीत मान घालायचा. त्या जुन्या पानावर त्यानं 'मासेमारीच्या खुंट्या' हे शब्द खोडून वर बरोबर ते लिहिलं होतं. खोडलेलं मात्र वाचता येत होतं. तसं त्यानं मुद्दाम ठेवलं.

धुळवडीच्या सकाळी अख्खी निगुडवाडी काठावर होती. दत्तोबानं वहाणा काढल्या. धोतर वर खोचावं की नाही यावर तो थोडा घोटाळला, मग तसाच उतरला. पाणी गार होतं. गाळ घोट्यापर्यंत आला, मग पोटरीपर्यंत, मग गुडघ्याच्या जरा खाली येऊन थांबला. त्याहून जास्त नाहीच. गेल्या साली ज्याला तो भ्याला होता ते एवढंच होतं.

"हितं," काठावरून धोंडाकाकी म्हणाली. कंबरेला किल्ल्या वाजत होत्या. "अजून चार पावलं. हां."

त्यानं काठी टेकवली आणि दोन्ही हातांनी दाबली. नव्या करवंटीखाली हिरवं काकण लोंबत होतं. एक लाल खाच पाण्याखाली गेली.

"अजून," धोंडाकाकी म्हणाली.

दुसरी खाच गेली. मागं कुणीतरी हसलं, कुणीतरी त्याला गप्प केलं. दत्तोबाचे कान तापले होते. पाठीवर सगळ्यांचे डोळे टोचत होते, मुक्ताबाईचेही.

"बास का, काकी?"

"हलवून बग."

त्यानं हलवून पाहिली. थोडी डुलली.

"मग?" ती म्हणाली. "अजून दाब."